गोव्यातल्या जत्रा आणि शिगमो: फ्लोट सोडून पाहुण्यांना काय दाखवू?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. पुण्याहून नणंद, तिचे यजमान आणि कॉलेजातली दोन पोरं येणारेत. यजमानांचं वेर्ण्याला काम आहे म्हणून दोन खेपा होणार, एक माघात आणि एक होळीच्या सुमाराला. अटच घातलीय की बीच नको, क्रूझ तर नकोच, गोव्यातल्या जत्रा आणि शिगमो, म्हणजे आपला होळीचा सण, दाखव. आता पंचाईत अशी की मी पणजीत वाढलेली. माझा शिगमो म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलेली मिरवणूक, रामायणातले हलते देखावे म्हणजे फ्लोट, कानठळ्या बसवणारा डीजे आणि घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. जत्रा म्हणजे मंगेशीला जायचं आणि खाजं घेऊन यायचं. तुम्ही गावाकडची माणसं आहात तर जरा नीट सांगा, यूट्यूबवर दिसतं ते मीही बघू शकते.

अंत्रुजकर
पहिली खेप माघात आहे ना, मग फोंडा तालुका सोडून कुठे जाऊच नका. माघ शुद्ध पंचमीला कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा, माघी पौर्णिमेला मंगेशीची. पाहुणे हमखास विचारणार की एवढी मोठी देवळं एकाच तालुक्यात कशी, तर गाडीतच सांगून टाका की हे देव मूळचे इथले नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, 1560 मध्ये जुवारी ओलांडून प्रियोळला आणला. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. तिसवाडी, बारदेस आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हातात होती आणि तिथली देवळं पाडली जात होती, पण आमचं अंत्रुज, म्हणजे फोंडा, तेव्हा आदिलशाहीत, म्हणून लोक देव उचलून नदीपलीकडे आले. पोर्तुगीज इथवर पोचले ते अठराव्या शतकात, तोवर देवळं पाडायचा त्यांचा जोर ओसरला होता. यजमान वेर्ण्याला कामाला जाणार म्हणताय तर त्यांना म्हणावं, म्हार्दोळची म्हाळसा तुमच्या त्या वेर्ण्याहूनच आलीय, गंमत वाटेल त्यांना.

आता मुद्द्याचं. दुपारी जाऊन दर्शन, फोटो, खाजं आणि परत, असं करू नका. आमच्याकडची जत्रा रात्रीची. देवाची स्वारी बाहेर निघते, कधी पालखी, कधी लालखी, कधी अंबारी, आणि मोठ्या दिवशी रथ. रथ ओढायला हात लावता आला तर लावा. मग पावणी. देवाला आलेले नारळ, केळीचे घड, हार, साड्या यांचा सगळ्यांसमोर लिलाव होतो, साधा नारळ चढत चढत हजारांत जातो, कारण घेणारा नारळ घेत नसतो, देवाचा प्रसाद आपल्या घरी नेत असतो. पुण्याच्या पोरांना हे बघायला फार आवडेल बघा. आणि सगळं आटपलं की नाटक.

पुणेरी_जावई
नाटक म्हणजे दशावतार का? आमच्याकडे कोकणात असतो तसा?

अंत्रुजकर
दशावतारही असतो, पेडण्याकडे जास्त, तो पट्टा सावंतवाडीला लागून. पण मी म्हणतोय ते रीतसर मराठी नाटक. संगीत, पौराणिक, ऐतिहासिक, आणि करणारे सगळे गावातलेच. दिवसा बँकेत कॅशियर, वायरमन, शाळामास्तर आणि रात्री शिवाजी, संभाजी, औरंगजेब. कपडेपट आणि पडदे भाड्याने आणतात, पेटी-तबल्याला बाहेरचा माणूस बोलावतात, बाकी सगळं गावाचं. सुरू व्हायलाच मध्यरात्र उलटते आणि संपतं तेव्हा उजाडलेलं असतं. गोव्यात मराठी टिकली ती पुस्तकांपेक्षा या जत्रेच्या नाटकांनी, असं माझं ठाम मत आहे. कुणाला पटत नसेल तर वेगळा धागा काढा, इथे भाषेवरून भांडण नको :)

डिचोलीवाला
फोंड्याची देवळं बघितली म्हणजे गोवा बघितला असं होत नाही हो काका. होळीच्या खेपेला आमच्याकडे पाठवा त्यांना, डिचोली-सत्तरीत. घोडेमोडणी बघू दे. कमरेला बांबूचा, रंगीत कापडाने मढवलेला घोडा बांधलेला, डोक्याला फेटा नि तुरे, हातात नंगी तलवार, आणि ढोलावर असे नाचतात की घोडा खराच वाटायला लागतो. पाठीमागे अख्खा गाव.

सत्तरीत झर्म्याला चोरोत्सव होतो. काही जणांचं फक्त डोकं मातीत पुरतात, धड वर, आणि काही जण गळ्यापर्यंत मातीत, डोकं तेवढं बाहेर. जिवंत माणसं बरं का. मागची गोष्ट अशी सांगतात की गावाने कधीकाळी परक्या माणसांना चोर समजून मारलं, नंतर कळलं की ते निर्दोष होते, त्याचं हे प्रायश्चित्त. मी लहानपणी बघितलं तेव्हा आईच्या पदराखाली लपलो होतो. आता वाटतं, आपल्या हातून झालेला अन्याय दरवर्षी सगळ्यांसमोर मांडणारी किती गावं असतील?

आणि साळ. होळीपासून तीन रात्री गड्यांची जत्रा. गडे म्हणजे व्रत घेतलेली माणसं, पांढरं धोतर, उघडं अंग, होळीभोवती नाचता नाचता त्यांच्यावर भार येतो, म्हणजे अंगात येतं, आणि ती काळोखात रानाकडे पळतात, लांब कुठेतरी देवचाराचा, म्हणजे राखणदाराचा, दिवा दिसला म्हणतात आणि त्याच्यामागे. मागून कुणी हरवला तर दुसरे जाऊन आणतात. बाकी काय खरं नि काय खोटं ते तुम्ही ठरवा, मी फक्त एवढं सांगेन की तिथे उभं असताना कुणी हसत नाही.

मांडवीकाठ
बापरे. हे साळचं नणंदेला सांगितलं तर ती पहिली गाडीत बसेल. पण बाहेरच्यांनी जावं का तिथे? मला जरा संकोच वाटतोय, आपण काहीतरी तमाशा बघायला गेल्यासारखं.

डिचोलीवाला
जावं की, हजारो लोक येतात. फक्त बॅटरी नि मोबाईलचा फ्लॅश मारायचा नाही, आणि गड्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. चार माणसं उभी असतात तिथे उभं राहायचं. रील बनवायची असेल तर पणजीला फ्लोट आहेतच.

रोमटवाला
हे फ्लोट फ्लोट म्हणून नाक मुरडणं जरा बास करा हो आता. मी आमच्या गावच्या रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या ढोल-ताशा पथकात, ढोल वाजवतो. सरकारी मिरवणुकीत नाचतो ते आधी गावच्या मांडावर, म्हणजे या सणाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, नमन घालून, देवाला गाऱ्हाणं घालून, मगच. मांडावरचं सोडून थेट म्हापशाला गेलो असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. आता मिरवणुकीत मिळणाऱ्या बक्षिसाचं ऐका. ढोलाची कातडी बदलायची, ताशे, कांसाळी, कपडे, निशाणं, अब्दागिरी, टेम्पोचं भाडं, पोरांचं जेवण. कोण देणार? पूर्वी गावचा भाटकार, म्हणजे जमीनदार, द्यायचा, आता मिरवणुकीचं बक्षीस देतं. आमच्या वाड्यावरची पोरं आखाड्यावर, म्हणजे सरावाला, महिनाभर रोज रात्री येतात ती बक्षिसाच्या ओढीने येत असतील, मान्य, पण येतात. ‘घणचे कटर घण’ हा ढोलाचा बोल पाठ आहे त्यांना. नाहीतर मोबाईल घेऊन बसली असती.

डीजेबद्दल मात्र मांडवीकाठताईंच्या बाजूने. शंभर ढोल वाजत असताना मागून त्या ट्रकवरचा भोंगा आला की आमचाच ताल चुकतो.

साष्टीची_सून
रोमटवाले दादा, हे बरं बोललात. एक जोडते, दोन शिगमे असतात ते पाहुण्यांना माहीत नसेल. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी-बारदेस-साष्टीत, धाकटो शिगमो पौर्णिमेच्या आधी सुरू होऊन पौर्णिमेला संपतो, आणि नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या तालुक्यांत, व्हडलो शिगमो पौर्णिमेला सुरू होतो. त्यामुळे नीट आखलं तर एका खेपेत दोन्ही मिळतात.

माझी शिफारस कुंकळ्ळी. फाल्गुनात शिगम्याला तिथे छत्रोत्सव असतो. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा खरी कुंकळ्ळीची, पण पोर्तुगीजांनी देवळं पाडली, 1583 मध्ये इथल्या गावकरांनी उठाव केला, आणि देवी फातर्प्याला गेली ती तिथेच राहिली. वर्षातून या एका दिवशी ती पालखीतून आपल्या मूळ जागेवर परत येते. बरोबर बारा रंगीत छत्र्या, बारा वांगडांच्या, वांगड म्हणजे मूळ घराणी. या बारा वांगडांतली बरीच घरं आता ख्रिश्चन आहेत. पण छत्री त्यांच्याही पूर्वजांची, हे ते विसरलेले नाहीत. आमच्या शेजारची एक म्हातारी, गळ्यात क्रूस, दर वर्षी गेटवर उभी राहते. गुलाल एवढा उडतो की छत्र्यांचे मूळ रंग दुपारनंतर ओळखू येत नाहीत. पांढरे कपडे घालून जा, नंतर फेकून द्यायच्या तयारीने.

सासरची मंडळी मठग्रामची, म्हणजे मडगावची, त्यामुळे जांबावलीचा गुलाल सांगितल्याशिवाय राहवत नाही. दामोदर मडगावचा, त्यालाही असंच हलवलं. होळीनंतर शिशिरोत्सव असतो, अख्खं मडगाव आठवडाभर जांबावलीला मुक्कामाला. दुकानं बंद, पोरांच्या शाळेला दांडी. गुलाल उधळून झाला की कुशावतीत आंघोळ आणि रात्री नाटकं आहेतच. आमच्या घरात लग्न ठरवतानासुद्धा आधी गुलालाची तारीख बघतात.

अंत्रुजकर
साष्टीच्या सूनबाईंनी माझंच म्हणणं पुढे नेलं. देव जिथून निघाला तिथे वर्षातून एकदा परत जाणं. आमच्या माशेलचा देवकीकृष्णसुद्धा चोडणचा. नार्व्याचा सप्तकोटेश्वर दिवाडीहून आला आणि त्याचं देऊळ 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधून घेतलं. गोव्यातला सण कळायला आधी देवाचा मूळ पत्ता विचारावा लागतो.

काणकोणी
तुम्ही सगळे आपापल्या तालुक्याचंच बोलताय, काणकोण गोव्यात येत नाही वाटतं? इथे शिगम्याला गोफ असतो. मांडवाच्या मध्यातून रंगीत पट्टे लोंबत असतात, प्रत्येकाच्या हातात एक, नाचता नाचता वेणी विणत जातात आणि मग उलट नाचून ती सोडवतात. एकाचं पाऊल चुकलं की गाठ बसली, मग सगळे त्याच्याकडे बघतात. आणि मल्लिकार्जुनाची शिशारान्नी, ही दर वर्षी नसते, एक वर्षाआड असते, आधी चौकशी करून या. तीन माणसं डोक्याला डोकं लावून आडवी होतात, त्या तीन डोक्यांची चूल, वर मडकं आणि त्यात भात शिजवतात. पुढचं मी लिहीत नाही, येऊन बघा.

धालोमांड
एवढा वेळ वाचतेय. घोडे पुरुषांचे, गडे पुरुष, ढोल पुरुषांचे, डोक्याच्या चुली पुरुषांच्या. बायका या धाग्यात फक्त पदर धरायला आल्यात :) (डिचोलीवालेदादा हलके घ्या)

पौषात धालो असतात. मांड शेणाने सारवलेला, बायका दोन फळ्या करून समोरासमोर, हातात हात गुंफून, वाकून पुढे येतात, मागे जातात, गातात. रात्री जेवणं आटपल्यावर सुरू, चार-सहा रात्री चालतात. शेवटच्या दिवशी रंभा भरतात, काही बायकांवर भार येतो. पुरुषांनी मांडावर यायचं नाही, लांबून बघायचं. सोंगं काढतात, नवऱ्यांच्या नकला करतात, एरवी ज्या काकू मान वर करून बोलत नाहीत त्या गावच्या सरपंचाची नक्कल करताना बघितल्यात मी. सरकारी स्टेजवरचे धालो दहा मिनिटांत आटोपतात, एकसारख्या साड्या, माईक. रोमटवाल्यांचं म्हणणं मला पटतं पण धालोच्या बाबतीत नाही. ढोल रस्त्यावर आणला तरी ढोलच राहतो. धालोला जागाच लागते, ती सारवलेली जमीन, तो काळोख, आणि आपल्याला कोण बघतंय याची भीती नसणं.

दिवजां पण लिहा कुणीतरी. मातीचं दिवज पेटवून सुवाशिणी रांगेने देवळाला फेऱ्या घालतात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा दिवज घेतलं ते मला सातफेऱ्यांपेक्षा जास्त आठवतं.

रोमटवाला
धालोच्या बाबतीत ताईंशी वाद नाही. घरी आईला विचारलं तर तीही हेच म्हणाली, वर दोन शब्द जास्तच म्हणाली.

पुणेरी_जावई
शिरगावची जत्रा कुणीच कशी नाही सांगितली? अग्नीवरून चालतात ना?

डिचोलीवाला
ती वैशाख शुद्ध पंचमीला, मांडवीकाठताईंच्या दोन्ही खेपांत बसत नाही म्हणून नाही लिहिलं. पण विषय निघालाच आहे तर.

लईराई देवीचे धोंड म्हणजे व्रतस्थ भक्त. आधीचे दिवस सोवळ्यात, वेगळं राहायचं, नदीवर नाहीतर विहिरीवर आंघोळ, स्वतः शिजवून खायचं. हातात वेताची काठी, तिला रंगीत लोकरीचे गोंडे. त्या दिवसांत डिचोलीत कुठल्याही झऱ्यावर जा, धोंडांचा मेळ बसलेला असतो. जत्रेच्या दिवशी तळीत बुडी मारून येतात, लाकडांचा मोठा होम मध्यरात्री पेटतो, पहाटेपर्यंत निखारे होतात आणि धोंड त्यातून धावत जातात. देवीला मोगऱ्याच्या कळ्या. शिरगावात त्या रात्री धुराचा आणि मोगऱ्याचा असा मिळून एक वास असतो. नंतरचे दिवस देवीचा कळस घरोघर फिरतो, आणि आमच्या लेखी खरी जत्रा तीच, तेव्हा बाहेरचं कुणी नसतं.

2025 च्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. अरुंद उतार आणि माणसांचा लोंढा. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी रात्रीचं जा असं सांगत नाही. होमाच्या आदल्या संध्याकाळी जा किंवा कळसाच्या दिवसांत या, आमच्याकडे जेवा.

साष्टीची_सून
लईराई आणि म्हापशाची सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली माता, बहिणी, ते पण सांगा. सात बहिणी, केळबाई, मोरजाई वगैरे, त्यातली एक मिराबाई म्हापशाला जाऊन मिलाग्रीस सायबीण झाली असं मानतात, आणि खेतोबा त्यांचा भाऊ. मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू रांगेत असतात, तेल वाहतात. इतिहासवाले काय म्हणतात ते म्हणोत, म्हापशाच्या बाजारात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माशेलकर
उशिरा आलो. पावसाळ्यात पाहुणे आले तर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला. देवकीकृष्णाच्या देवळापुढचं मैदान, अंगाला तेल लावून पोरं-बाप्ये चिखलात लोळतात, कृष्णाचे सगळे खेळ. देवकी कडेवर कृष्ण घेऊन असलेलं देऊळ आहे, त्या आईसमोर चिखलात खेळायचं. अलीकडे पर्यटन खात्याने मनावर घेतलंय त्यामुळे कॅमेरेवाले खेळणाऱ्यांपेक्षा जास्त. चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड, दोन होड्या जोडून त्यावर गणपती आणि देखावे. त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला विठ्ठलापुरात वाळवंटीवर होड्या सोडतात, कागदी नव्हे, चांगल्या कारागिरीच्या, दिवे लावलेल्या. बाकी पेडण्याची पुनव म्हणजे कोजागिरी, तिथे भूतनाथ देवळासाठी रुसून रानात पळतो आणि लोक समजूत घालून परत आणतात, दर वर्षी तेच वचन देतात. देवालाही आश्वासनावरच ठेवलंय आपल्या लोकांनी.

मांडवीकाठ
माशेलकर 😂😂 भूतनाथाचं नणंदेच्या यजमानांना सांगितलं, म्हणाले आमच्या सोसायटीचा बिल्डर तुमच्याकडचाच दिसतो.

सगळ्यांचे आभार. तर असं ठरवतेय: माघात मंगेशी रात्रीची, पावणी आणि नाटकासकट. फाल्गुनात कुंकळ्ळीचा छत्रोत्सव, होळीला साळ, आणि जमलं तर जांबावली. मिरवणुकीला एक संध्याकाळ ठेवलीय रोमटवाल्यांसाठी, पण त्याआधी त्यांच्या मांडावर जाऊ, त्यांनी बोलावलं तर. धालोसाठी पुढच्या पौषात मी एकटीच येईन, धालोमांड ताई मला व्यनि करा. आता एक किरकोळ प्रश्न, या रात्रभराच्या नाटकांना बसायला खुर्च्या असतात की काय घेऊन जायचं? नंदेचे गुडघे दुखतात.

अंत्रुजकर
खुर्च्या असतात, पण पुढच्या महाजनांच्या आणि पाहुण्यांच्या. तुम्ही संध्याकाळीच येऊन मधल्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर शाल टाकून ठेवा, कुणी हात लावत नाही. थर्मासमधून चहा आणा, आणि पहिला अंक रेंगाळतो, तो झोपायलाच असतो.

रोमटवाला
बोलावलं म्हणजे काय, मांडावर बोलवायचं नसतं कुणाला, यायचं असतं. पोरांना सांगा चप्पल बाहेर काढून या. आणि मोठ्याला ढोल उचलता येत असेल तर बघू.